सहा वर्षांची मुलं एवढी कुठून आली?

ताई, नमस्कार.

माझं वय 27. राज्यशास्त्रात एम.ए. केलं आणि गेली तीन वर्षं सर्वेक्षक म्हणून काम करते. टॅब घेऊन घरोघरी जायचं, प्रश्न विचारायचे, संध्याकाळी फॉर्म पाठवायचे. ज्यांच्यासाठी आम्ही हे करतो ती सार्वजनिक धोरणांवर संशोधन करणारी लॅब आहे. तिथले रिसर्च असोसिएट माझ्याच वयाचे आहेत, काही तर लहानच. ते अर्थशास्त्र शिकलेत आणि त्यांना कोडिंग येतं. मलाही तिकडे जायचंय. पण गणित दहावीनंतर सुटलं, कोडिंगचं नाव काढलं की पोटात गोळा येतो आणि इंग्रजी वाचता आलं तरी बोलताना अडखळते. मैत्रीण म्हणते, परदेशातली धोरणाची पदवी असल्याशिवाय कुणी दारात उभं करणार नाही. म्हणजे कर्ज आलं. भाऊ म्हणतो, डेटा सायन्सचा सहा महिन्यांचा कोर्स कर. काम करताना ज्या गोष्टी खटकतात (कुठला प्रश्न लोकांना कळत नाही, कुठे कंटाळून काहीही सांगतात) त्या मी वहीत लिहून ठेवते. तीन वह्या भरल्या, कुणी कधी विचारलं नाही. या क्षेत्रात मला जागा आहे का?

– वहीवाली

वहीवाली,

कर्ज, कोर्स, गणित, इंग्रजी हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि वह्यांचा उल्लेख जाता जाता केलात. मी मात्र वह्यांपाशीच थांबले. का ते कळावं म्हणून आधी माझी एक फजिती सांगते.

मी एका लॅबमध्ये नवी नवी आरए, म्हणजे रिसर्च असोसिएट होते. पहिल्या फेरीचा, म्हणजे बेसलाइनचा डेटा हाती आला आणि मी हौसेनं मुलांच्या वयांचा आलेख काढला. पाच वर्षांच्या मुलांपाशी खड्डा आणि सहा वर्षांच्या मुलांपाशी टेकडी! मला वाटलं, घबाडच सापडलं. अमुक एका वर्षी जन्म कमी का झाले असावेत यावर मी दोन पानं लिहून काढली. त्यात स्थलांतर आणलं, आरोग्य योजना आणल्या, संदर्भही जोडले. दुसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ सर्वेक्षक बाई फॉर्मचे गठ्ठे द्यायला आल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "पाच वर्षांपर्यंतचं मूल निघालं की आहार, लसी, आजारपण मिळून बेचाळीस प्रश्न विचारावे लागतात. सहाचं लिहिलं की थेट पुढचा भाग."

माझी दोन पानं टोपलीत गेली. पुढे कळलं की जगभरच्या मोठ्या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांत हे दुखणं जुनंच आहे. मुलाचं वय मर्यादेच्या पलीकडे सरकवलं की लांबलचक भाग टळतो. दिवसातलं आठवं घर, अंधार पडत आलेला, समोरची बाई कामाच्या घाईत – हे तुम्हाला मी काय सांगणार? मला मात्र कुणीतरी सांगावं लागलं, आणि तेव्हा माझ्याकडे संख्याशास्त्राची पदवी होती.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. या कामात कोड लिहिणारे मिळतात, समीकरणं मांडणारेही मिळतात. आकडा कुठल्या उंबऱ्यावर, कसा जन्मला हे ठाऊक असणारं माणूस टेबलापाशी क्वचितच बसलेलं असतं. तुम्हाला ते ठाऊक आहे. पण ते आतल्या लोकांना तपासून पाहता येईल अशा रीतीनं मांडणं तुम्हाला अजून जमत नाही. कोडिंग आणि संख्याशास्त्र शिकायचं ते एवढ्यासाठी. डेटा सायंटिस्ट व्हायला नव्हे.

आता 'लॅब' या शब्दाबद्दल, कारण एका पाटीखाली वेगवेगळी दुकानं चालतात. एक जात प्रयोग करणाऱ्यांची. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुरू केलेली जे-पॅल हे तिचं ठळक उदाहरण. लोकांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एका गटाला योजना द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि फरक मोजायचा. बॅनर्जी, दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच पद्धतीसाठी. दुसरी जात सरकारच्या पोटात बसून पत्रांचे मसुदे, अर्जांची भाषा, आठवण करून देण्याची वेळ असले बारीक बदल करून पाहणाऱ्यांची. ब्रिटनमध्ये 2010 साली निघालेली बिहेवियरल इनसाइट्स टीम त्यातली. तिसरी जात सरकारी नोंदी एकमेकींना जोडून उत्तरं शोधणाऱ्यांची. तिथे घरोघरी जाणं जवळपास नसतं, दिवसभर फक्त नोंदी. चौथी जात रचनाकारांची. तिथे नागरिकांसोबत बसून सेवा नव्यानं आखतात. डेन्मार्कची माइंडलॅब 2002 मध्ये निघाली, जगभर तिची नक्कल झाली आणि 2018 मध्ये ती बंद झाली.

ती बंद झाल्याचं मुद्दाम सांगितलं. या संस्था देणगीदारांच्या आणि सरकारांच्या मर्जीवर चालतात. करार बहुधा प्रकल्पापुरता, वर्षा-दोन वर्षांचा असतो. मुलाखतीत "या जागेचा पैसा कुठल्या प्रकल्पातून येतो आणि तो कधी संपतो?" हे विचारायला लाजू नका. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

तुमचं बळ पहिल्या जातीत सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. तिथल्या आरएचं काम लांबून दिसतं तितकं झगमगीत नाही. प्रश्नावली टॅबवर चढवायची, मुद्दाम उलटसुलट उत्तरं भरून ती कुठे मोडते ते पाहायचं, सर्वेक्षकांचं ट्रेनिंग घ्यायचं, काही घरी पुन्हा माणूस पाठवून तेच प्रश्न विचारून पडताळायचं (या बॅकचेकच्या दुसऱ्या बाजूला तुम्ही असताच). मग महिनोन् महिने डेटा साफ करायचा. एकाच घराचे दोन क्रमांक, आईपेक्षा मोठी मुलगी, 'माहीत नाही' साठी वापरलेला 999 हा आकडा उत्पन्न म्हणून सरासरीत घुसलेला. विश्लेषणाला शेवटचे काही आठवडे मिळतात. त्यातून निबंध छापून आला की लेखक म्हणून प्राध्यापकांची नावं येतात आणि आरएचे आभार पहिल्या तळटीपेत. मला हे पटत नाही, पण अर्थशास्त्रात रीत तीच आहे. ती आधी माहीत असलेली बरी.

कोडिंगची भीती घालवायला एक खरी गोष्ट सांगते. 2010 मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. ज्या प्रगत देशांचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या वर जातं, त्यांची सरासरी वाढ उणे 0.1 टक्का होते, असा त्यांचा हिशेब होता. खर्चकपातीची बाजू मांडणाऱ्या पुढाऱ्यांनी तो जिथे तिथे दाखवला. मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट आवारात थॉमस हर्नडन नावाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ मिळाला होता: छापून आलेला एखादा निबंध निवडा आणि त्यातले आकडे स्वतः काढून दाखवा. त्यानं हा निवडला. आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी त्यानं लेखकांकडेच फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. एक्सेलमध्ये सरासरीचं सूत्र खालपर्यंत ओढलंच गेलं नव्हतं. 20 पैकी 5 देश बाहेर राहिले होते. शिवाय काही वर्षं वगळलेली, देशांना वजन देण्याची पद्धतही वादग्रस्त. 2013 मध्ये त्यानं आपल्या दोन प्राध्यापकांसह नवा आकडा मांडला: अधिक 2.2 टक्के. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली. बाकीचे आक्षेप त्यांना मान्य नव्हते, आणि जास्त कर्जाबरोबर वाढ मंदावते हे नव्या आकड्यांतही दिसतं असं त्यांचं म्हणणं राहिलं. तेही नमूद करायला हवं.

यात हर्नडननं कुठलं अवघड गणित केलं? एकही नाही. कुणाच्या तरी आकड्याचा माग त्यानं मुळापर्यंत काढला. तुम्ही वहीत हेच करता. फरक एवढाच की त्यानं काढलेला माग दुसऱ्या कुणालाही पायरी पायरीनं तपासता येतो. एक्सेलमध्ये माउसनं केलेली कामं मागे खूण ठेवत नाहीत. कोड ठेवतो. लॅबमध्ये कोडिंगचा आग्रह असतो तो मुख्यतः यासाठी.

म्हणून भावाला प्रेमानं नाही म्हणा. सहा महिन्यांच्या त्या कोर्समध्ये यंत्राला मांजर आणि कुत्रा ओळखायला शिकवतील आणि तुमच्या कामात मांजर लागत नाही. आर किंवा स्टाटा या डेटा हाताळायच्या सॉफ्टवेअरपैकी एक घ्या. स्टाटा विकत घ्यावं लागतं, आर फुकट आहे, म्हणून घरी शिकायला आर. त्यात फाइल उघडणं, दोन फाइली घराच्या क्रमांकावरून जोडणं, आडवा डेटा उभा करणं (एका ओळीत असलेली घरातली सगळी माणसं दर माणशी एका ओळीत आणणं), दुबार नोंदी शोधणं, गटवार सरासरी काढणं, साधा आलेख काढणं, एवढंच शिका. जोडताना किती नोंदी जुळल्या आणि किती सुटल्या हे दरवेळी मोजायची सवय लावून घ्या, कारण निम्म्या चुका तिथे होतात. मग हर्नडनचा गृहपाठ स्वतःला द्या. अनेक नियतकालिकं आता निबंधासोबत डेटा आणि कोड खुला ठेवायला लावतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या डेटाव्हर्स या ऑनलाइन डेटा-भांडारात जे-पॅलच्या अभ्यासांचेही डेटा आहेत. तुम्ही ज्या विषयावर घरोघरी प्रश्न विचारलेत त्याच विषयाचा एक निबंध निवडा आणि त्याचा फक्त पहिला तक्ता स्वतः काढा. रोज तासभर दिलात तरी तीन-चार महिने लागतील. पहिले तीन आठवडे रडू येईल, ते सगळ्यांनाच येतं.

गणिताचं म्हणाल, तर दहावीनंतर सुटलेलं गणित सगळं परत आणावं लागत नाही. नमुना कसा निवडतात, तो केवढा असला म्हणजे फरक ओळखता येतो, आणि तुलनेचा गट नसेल तर आपण कसे फसतो, हे तीन विषय नीट समजले पाहिजेत. फसण्याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1970 च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका तुरुंगात वाट चुकलेल्या पोरांना नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बघणाऱ्याला वाटायचं, पोरं सुधारली. पुढे अशा कार्यक्रमांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची न गेलेल्या मुलांशी तुलना झाली, तेव्हा गेलेल्यांनीच पुढे गुन्हे जास्त केल्याचं निघालं. तुलनेचा गट नसता तर तो कार्यक्रम आजही यशोगाथा म्हणून सांगितला गेला असता.

लिहिण्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही आणि माणसं इथेच अडतात. अधिकाऱ्याकडे तुमच्यासाठी दहा मिनिटं असतात. उदयपूर जिल्ह्यातल्या 134 गावांचा लसीकरणाचा अभ्यास घ्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला. जिथे काहीच केलं नाही तिथे 1 ते 3 वयाच्या मुलांपैकी 6 टक्क्यांना सगळ्या लसी मिळाल्या होत्या. ठरल्या दिवशी नेमानं शिबिर भरलं तिथे 18 टक्के. शिबिरासोबत आईबापांना किलोभर डाळ आणि शेवटी थाळ्यांचा संच दिला तिथे 39 टक्के. इथवर कुणीही लिहील. समोरचा लगेच म्हणेल, "डाळ वाटायला पैसे कुठून आणू?" त्याचं उत्तर त्याच अभ्यासात आहे. भेट दिली तिथे दर मुलामागचा खर्च जवळपास निम्मा झाला, 56 डॉलरवरून 28. शिबिरातल्या नर्सचा दिवस तेवढाच, मुलं जास्त, म्हणून. अधिकाऱ्याच्या तोंडून येणारा प्रश्न आधीच ओळखून त्याचं उत्तर दुसऱ्या वाक्यात ठेवणं, ही धोरणलेखनाची निम्मी कला आहे. आणि समोरचं माणूस कुठे अडतं, कुठे शंका घेतं हे ओळखण्याचा सराव तुमच्याइतका त्या आरए मंडळींना नाही.

इंग्रजीची चिंता मी तुमच्यापेक्षा कमी करते. अहवाल इंग्रजीत असतात, त्यामुळे लिहिता यायला हवं. अडखळत बोललात तर चालतं. उलट प्रश्नावलीचा अनुवाद हे लॅबचं कायमचं दुखणं आहे. 'कधीकधी', 'बऱ्याचदा' आणि 'अनेकदा' अशी उतरंड कागदावर ठेवलीत तर ऐकणाऱ्याला शेवटच्या दोहोंत फरक तरी कळतो का? एकानं अनुवाद करायचा, दुसऱ्यानं मूळ न पाहता तो परत इंग्रजीत आणायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे, हे काम मागून घ्या. आत शिरायला यासारखी वाट नाही.

मैत्रिणीचा सल्ला आता. ती सगळीच चुकीची नाही. कुठला प्रश्न संशोधनाला घ्यायचा हे प्रमुख संशोधक ठरवतात आणि ते बहुतेक पीएच.डी. झालेले प्राध्यापक असतात. पदवीशिवाय तुम्ही आरए, मग रिसर्च मॅनेजर, सर्वेक्षणांच्या प्रमुख किंवा धोरण विभागात वरच्या जागेवर जाऊ शकता. प्रश्न ठरवणाऱ्या खुर्चीपर्यंत जाणं फार अवघड. पण ती खुर्ची हवी की नको हे तुम्हाला आज माहीत नाही, आणि न पाहिलेल्या खुर्चीसाठी कर्ज काढू नये. एमआयटीचा विकास-धोरण आणि डेटा या विषयाचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स, म्हणजे एम.ए.च्या पातळीच्या काही विषयांचा छोटा अभ्यासक्रम आहे. त्यातले विषय फुकट ऐकता येतात. आधी त्यातला एखादा पुरा करून पाहा. दोन वर्षं आत काम केल्यावरही पदवी हवीशी वाटली, तर तेव्हा शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

निवडीत बहुतेक ठिकाणी डेटाची परीक्षा असते. काही तास देतात आणि फाइल मुद्दाम नासवलेली असते. सगळं दुरुस्त करायच्या नादी लागू नका. जिथे काही खटकलं तिथे कोडमध्येच टीप लिहा: हे असं दिसतंय, मी हे गृहीत धरलं, हे विचारायला हवं. तपासणारे बरोबर उत्तराइतकेच हे शोधत असतात. मी स्वतः अशा उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आणि अर्धवट पण प्रामाणिक टिपा असलेल्या उमेदवाराला पूर्ण उत्तरं देणाऱ्याच्या आधी बोलावलं आहे.

बाहेर अर्ज टाकण्याआधी तुमच्या आताच्याच लॅबपासून सुरुवात करा. तीन वह्यांतून दहा नोंदी निवडा. प्रत्येकीखाली तीन ओळी: प्रश्न काय होता, लोकांना काय कळलं, तुम्ही तो कसा विचाराल. दोन पानांत बसवा आणि पुढच्या फेरीचं ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी तिथल्या आरएच्या हातात द्या. ट्रेनिंगनंतर उपयोग नाही, तोवर फॉर्म टॅबवर चढलेला असतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर रिसर्च मॅनेजरला द्या. "कुणी विचारलं नाही" हे खरं असेल, पण वह्या आहेत हे तुम्ही तरी कुणाला सांगितलंत?

आणि देण्याआधी एक काम. अमेरिकेतल्या टस्कीगी गावात 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं 'अभ्यासलं' गेलं. त्या प्रकरणानंतर, संशोधनातल्या नीतीची तत्त्वं मांडणाऱ्या 1979 च्या बेलमाँट अहवालापासून, माणसांवरच्या संशोधनाचे नियम कडक झाले. तुम्ही दर घरी वाचून दाखवता तो संमतीचा कागद त्याच परंपरेतला. त्यात तुम्ही लोकांना शब्द दिलेला असतो की त्यांचं नाव बाहेर जाणार नाही. वह्या तुमच्या खाजगी असल्या तरी त्यातल्या माणसांना तो शब्द लागू आहे. म्हणून आधी तिन्ही वह्या पानोपान चाळा आणि कुठे कुणाचं नाव, पत्ता किंवा फोन नंबर लिहिला गेला असेल तर वाचता येणार नाही असा काळा करा.